दारूगोळा आणि घरचा पसारा

अमेरिकेत काही माणसांना घरबसल्या काडतुसे भरण्याचा नाद असतो. आपल्याकडचा निवृत्त माणूस गच्चीत कुंड्या मांडतो, नाहीतर सोसायटीच्या सचिवाशी भांडण उकरून काढतो. तिकडचा निवृत्त माणूस गॅरेजच्या कोपऱ्यात आठ बाय दहाची जागा अडवतो, तिथे कमरेएवढ्या उंचीचा भक्कम बाक ठोकतो, बाकावर दांड्याने दाबायचे यंत्र बसवतो आणि उडवून झालेल्या पितळी नळकांड्यांत नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी भरत संध्याकाळ घालवतो. या नादावर तिथे कारखाने उभे राहिले. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन याने १९४३ मध्ये वडिलांच्या लाँड्रीच्या आडोशाने सुरू केलेला उद्योग ‘आरसीबीएस’ नावाने मोठा झाला. विस्कॉन्सिनच्या रिचर्ड ली याने १९५८ मध्ये नुसत्या हातोडीने काडतूस भरता येईल असा स्वस्तातला संच काढला. एकाचे सामान हिरव्या रंगाचे, दुसऱ्याचे लाल. हिरवे चांगले की लाल, यावर तिकडची शहाणीसुरती माणसे पन्नास वर्षे हमरीतुमरीवर येत आहेत.

पण बघण्यासारखी असते ती खोली. फळीफळीवर डबे, डब्याडब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. बाकावर एका वेळी दारूचा एकच डबा. दुसरा हवा असेल तर आधी पहिला उचलून जागेवर ठेवायचा, मगच दुसरा आणायचा. एका डब्यातली दारू दुसऱ्या डब्यात ओतायची नाही, मूळ डबा सोडून तिला कुठेच ठेवायचे नाही. आगीपासून बचावाचे तिथले जे प्रमाण नियम आहेत त्यांनी घरातल्या साठ्याची मर्यादा २० पौंड, म्हणजे नऊ किलोच्या आसपास, घालून दिली आहे. त्याहून जास्त, ५० पौंडांपर्यंत, ठेवायची असेल तर इंचभर जाड फळ्यांची लाकडी पेटी लागते. लोखंडी तिजोरी चालत नाही, कारण आग लागली तर लाकडी पेटी निमूट उसवते आणि तिजोरी बॉम्बची नक्कल करते. टोप्या दहा हजारांवर नकोत, हेही लिहून ठेवले आहे.

याच गृहस्थाच्या गॅरेजचा उरलेला भाग मात्र बघवत नाही. तिथे मोडक्या सायकली, तीन पायांची खुर्ची आणि कुणालाच नको असलेला नाताळचा झाडोरा सुखाने नांदत असतो. हात तोच, डोके तेच, फक्त तीन फुटांचे अंतर. टापटीप संस्कारांतून येते, असे आपल्याला शाळेत शिकवले गेले. हे गॅरेज पाहिले की कळते, टापटीप येते धास्तीतून. जे फुटू शकते तेवढेच माणूस नीट ठेवतो.

नांदेड-लातुरात अशी खोली कुणी थाटलीच, तर तिची मांडणी बघायला पहिला पाहुणा पोलीस ठाण्यातून येईल. १९५९च्या शस्त्र कायद्याचे तिसरे कलम बंदूक बाळगायला परवाना मागते आणि पाचवे कलम शस्त्र किंवा काडतूस तयार करायला. दारूचा विषय १८८४च्या स्फोटक कायद्याकडे जातो आणि तो राबवणाऱ्या खात्याचे मुख्य कार्यालय नागपुरात आहे. त्यामुळे आपल्याकडचा परवानाधारक काडतूस भरत नाही, विकत आणतो. बारा बोअरचे ‘शक्तिमान’ काडतूस पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून येते. हा कारखाना १८६९चा. काडतुसाच्या पितळी बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरे ठोकलेली असतात, आणि रिकामे झाले की त्याचा ताबा घरातल्या पोराकडे जातो, कारण तोंडाशी धरून फुंकर मारली की त्याची शिट्टी होते.

म्हणजे नाद गेला, पण नीटनेटकेपणाचे काय? ते शास्त्र तर मराठीत फार जुने आहे.

रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिले ते साधारण १७१५-१६च्या सुमारास. राजनीतीचा ग्रंथ म्हणून त्याचा गौरव होतो आणि तो व्हायलाच हवा, पण त्यातला गडकोटांचा भाग वाचताना वाटते की अमात्यांच्या आत एक खट्याळ, चिकट कोठीवाला दडलेला होता. राज्य कसे राखावे हे सांगता सांगता ते एकदम दारूखान्याच्या जमिनीवर येतात. दारूखाना घरांच्या घेराच्या बाहेर असावा. तळघर करावे, तळ गच्च करावा. दारूची मडकी नुसती जमिनीवर न ठेवता माच घालून तिच्यावर ठेवावीत. बाण आणि होके, म्हणजे हातबॉम्ब, मधल्या घरात असावेत. सर्दी लागू देऊ नये. आणि सगळ्यात कहर म्हणजे दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने जातीने यावे, सारे बाहेर काढावे, ऊन द्यावे आणि परत आत ठेवून शिक्का करावा. रात्रंदिवस राखण असावी, परवानगीशिवाय आसपास कुणाला फिरकू देऊ नये.

आठ-पंधरा दिवसांनी सगळे बाहेर! हा नियम आजच्या कुठल्याही घराला लावून बघावा. दिवाळीच्या आधी वर्षातून एकदा माळा आवरायचा म्हटले तरी घरातल्या कर्त्या पुरुषाला नेमके त्याच रविवारी गावाकडे शेताच्या बांधाचे काम निघते. अमात्यांच्या हवालदाराला बांध नव्हता असे नाही, पण त्याला मडक्यात काय आहे हे माहीत होते. माळ्यावरच्या गोणपाटात काय आहे हे आपल्यापैकी कुणालाच माहीत नसते, म्हणून आपण निवांत असतो.

त्यांची धास्ती खोटी नव्हती. अमात्यांनंतर पस्तीसेक वर्षांनी, ११ सप्टेंबर १७५१ रोजी, सिंहगडाच्या दारूकोठारावर वीज पडली. गडावरच्या फडणिसांचे घर उडाले आणि घरातली सगळी माणसे गेली. घरांच्या घेराबाहेर हे शब्द अमात्यांनी उगाच शाई वाया घालवायला लिहिले नव्हते. आज सिंहगडावर भजी-पिठले खाऊन झालेली मंडळी ते दगडी कोठार बघतात, आत मोबाइलचा उजेड मारतात आणि इतक्या चांगल्या जागेत हॉटेल का काढले नाही म्हणून हळहळतात.

मराठवाड्यातही किल्ल्यांची वाण नाही. लातूर जिल्ह्यात औसा आणि उदगीर, नांदेडात कंधार. १६३६ मध्ये शाहजहानच्या फौजेने औसा आणि उदगीर दोन्ही घेतले. उदगीरला ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले. इतक्या तोफा, इतक्या फौजा या मातीतून गेल्या म्हणजे कुठेतरी कुणीतरी कोठीवाला दारू मोजत, ओल बघत, चाव्यांचा जुडगा कमरेला लावून फिरत असणारच. इतिहासात त्याचे नाव नाही. लढाई जिंकली तर सेनापतीची, आणि ऐनवेळी दारू सर्दावली तर मात्र पहिली बोलणी कोठीवाल्याला.

मराठवाड्याचे जुने घरही याच शाळेत शिकलेले. माळवदाचे घर म्हणजे जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सरे आणि त्यांच्यावर हातभर मातीचे छत. भिंत इतकी जाड की भिंतीच्या पोटातच बळद काढायची, तिच्यात ज्वारी ओतायची आणि खालच्या बाजूचे बोळकांडे उघडून हवी तेवढी काढून घ्यायची. अंगणात किंवा गावाबाहेर पेव. दिव्याला देवळी, कागदपत्रांना फडताळ, दही-दुधाला शिंके, पागोट्याला खुंटी, मडक्यांना उतरंड. प्रत्येक वस्तूला भिंतीनेच जागा नेमून दिलेली, त्यामुळे पसारा करायचा म्हटला तरी घर करू देत नसे. पेवात उतरताना मात्र आधी ते उघडून ठेवायचे, आत दिवा सोडून बघायचा, दिवा विझला तर माणसाने उतरायचे नाही. साठ्याची शिस्त इथेही शेवटी जिवाच्या भीतीवरच उभी होती.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्याच जड भिंती आणि तीच माळवदे माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत मिळून सुमारे ८ हजार माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली आणि जमीनधारणेप्रमाणे २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. घरे मजबूत, गल्ल्या सरळ. पण पातळ भिंतीला ना बळद, ना देवळी, ना फडताळ. अडीचशे फुटांत माणूस, बियाणे, फवारणीचा पंप, खताची पोती आणि पाहुणे एकाच वेळी मावेनात. मग माणसांनी त्यांच्या परीने नकाशा दुरुस्त केला. सरकारने बांधून दिलेल्या संडासात सरपण गेले, न्हाणीत कडबा गेला आणि पुढच्या ओट्यावर पत्रे टाकून गोठा आला. तपासणीला आलेल्या साहेबांनी संडासाचे दार उघडले की आतून तुऱ्हाट्यांची पेंढी बाहेर डोकवायची. वास्तुविशारदांनी यावर अहवाल लिहिले. शेतकऱ्याला एवढेच दिसत होते की सरपण भिजले तर चूल पेटत नाही, आणि बाकीच्या गोष्टीला रान मोकळे आहे.

लातूर शहरात तर पुढे जागा अडवायला आणखी एक नवा भिडू आला, निळे पिंप. २०१६च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. १२ एप्रिलला पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले. त्या दिवसांत लातूरच्या एखाद्या दोन खोल्यांच्या घरात शिरले की आधी पिंप, मग माणसे दिसत. आणि काय ती मांडणी! पिण्याचे वेगळे, वापरायचे वेगळे, तिसऱ्यांदा वापरायचे त्याहून वेगळे. प्रत्येकावर झाकण, झाकणावर फडके, फडक्यावर तांब्या, आणि कुठले पाणी कुठल्या वारी भरले हे घरातल्या सहा वर्षांच्या पोरीलाही तोंडपाठ. शिकवणीसाठी बाहेरगावहून आलेली पोरे दहा बाय दहाच्या खोलीत चौघे राहत होती. त्यांचे कपडे, पुस्तके आणि उशा यांचा काला झालेला असे. पिंपाभोवती मात्र दोन फूट जागा स्वच्छ. त्या पिंपाला पाय लागला तर चौघांपैकी तिघे अंगावर धावून येत.

आता कारागिराच्या बाकावर जरा सावकाश थांबायला हवे, कारण काडतुसाच्या त्या अमेरिकन खोलीचा आपल्याकडचा सख्खा भाऊ म्हणजे मोटार रिवायंडिंगचे दुकान. नांदेडच्या जुन्या मोंढ्याकडे असो की लातूरच्या एखाद्या बोळात, दुकान सहा बाय नऊचे. दारातच जळालेल्या पाणबुडी मोटारी मांडी घालून बसलेल्या. आत तांब्याच्या तारेची रिळे, वार्निशचा वास, भिंतीवर एका खिळ्यावर सात वस्तू. बाकावर पाना, पक्कड, पेचकस, बेअरिंग, अर्धा कप चहा आणि गिऱ्हाइकाचा मोबाइल. वॉशर श्रीखंडाच्या डब्यात. नट कॅल्शियमच्या गोळ्यांच्या बरणीत. ‘मोती साबण’ लिहिलेल्या खोक्यात स्टार्टरचे काँटॅक्ट. कुठल्याच भांड्यात त्याच्यावर लिहिलेली वस्तू नाही. दारू मूळ डब्यातच ठेवायची हा नियम करणाऱ्या अमेरिकन माणसाला इथे अर्धा तास बसवला तर तो स्वतःच्या पायाने दवाखान्यात जाईल.

आणि तरी मिस्त्रीचा हात चुकत नाही. तोंड गिऱ्हाइकाकडे, डोळे रस्त्यावरच्या गर्दीकडे, हात मागे जातो आणि बरोबर सहा नंबरचा पाना घेऊन परत येतो. भारनियमनात, काळ्याकुट्ट अंधारात, त्याला बेअरिंग सापडते. शेजारच्या पोराने एकदा मदत म्हणून सगळे रांगेने लावले, मोठे डावीकडे, लहान उजवीकडे. तो दिवस मोटार बांधण्यात नाही, पोराला शिव्या घालण्यात गेला.

असा रांगेने लावण्याचा अधिकृत दिवस वर्षातून एकदाच येतो, खंडेनवमीला. त्या दिवशी दुकान धुतले जाते. पाने रॉकेलात घासले जातात, पकडींची पितळी पॉलिशसारखी चमक निघते, पाटावर लाल कपडा, कपड्यावर ओळीने हत्यारे, हत्यारांना हळद-कुंकू, लेथ असेल तर तिलाही झेंडूची माळ. किती हत्यारे आपल्याकडे आहेत हे मिस्त्रीला या एकाच दिवशी कळते. तीन पाने सापडतात, दोन शेजाऱ्याचे निघतात, ते गुपचूप मागे सरकवले जातात. दसरा झाला की खरी पंचाईत. सगळे इतके जागच्या जागी असते की काहीच हाताला लागत नाही. पूर्ववत पसारा व्हायला आठवडा जातो, आणि तोपर्यंत रब्बीच्या तोंडावर मोटार जळालेले शेतकरी दारात बसून असतात.

नांदेडात हत्यारे स्वच्छ करण्याचा खरा सोहळा बघायचा तर तो सचखंड हजूर साहिबला. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला निवर्तले. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात उभी केली. आत गुरूंची शस्त्रे आहेत. दिवाळीच्या तोंडावर तख्तस्नान होते. गोदावरीचे पाणी भरून आणतात, तख्त धुतात, शस्त्रे बाहेर काढून साफ करतात. या कामाला हात लागावा म्हणून माणसे लांबून येतात, आणि घागर उचलायला मिळाली की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान मावत नाही. इथे धास्ती नाही, भक्ती आहे, हे कबूल करायला हवे. एवढा एक अपवाद वर मांडलेल्या सिद्धांताला आहे आणि तो मोठा आहे. पण घागर उचलायला पुढे होणारे पुरुष घरी माळा उचलायला का पुढे होत नाहीत, हा प्रश्न त्यांच्या घरच्या बायका विचारतच असतात.

मांडणीचा विषय निघाला आणि गंजगोलाई राहिली तर लातूरकर माफ करणार नाहीत. १९१७ मध्ये फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने हिचा आराखडा केला. मधोमध गोल, त्याला येऊन मिळणारे सोळा रस्ते. मधली दुमजली इमारत १९४५ची, तिच्यात जगदंबेचे देऊळ. एका रस्त्याला सोनेनाणे, एकाला चपला, एकाला मिरची-गूळ, एकाला कापड. एका माणसाने अख्खे शहर मिसळणाच्या डब्यासारखे लावून ठेवले. नवख्या माणसाला पाटी वाचायची गरज नाही. शिंक आली की मिरचीचा रस्ता. पण सोळा रस्त्यांचा नकाशा काढताना मोटारसायकल कुठे लावायची हे फैयाजुद्दीन यांनी विचारात घेतले नव्हते आणि १९१७ मध्ये ते घेणे शक्यही नव्हते. आज सोळाही रस्त्यांवर एकच माल मुबलक आहे, तो म्हणजे उभ्या केलेल्या दुचाक्या.

मिरचीच्या ठसक्यावरून फटाक्यांकडे येऊ. दिवाळीत दोन्ही शहरांतल्या मैदानांवर पत्र्याच्या फटाका-दुकानांची रांग लागते. २००८च्या स्फोटक नियमांनी तिची आखणी ठरवून दिली आहे, आणि ती वाचताना अमात्य परत नोकरीवर रुजू झाल्याचा भास होतो. दुकान न जळणाऱ्या सामानाचे. दोन दुकानांत किमान तीन मीटर अंतर. वस्तीपासून पन्नास मीटर. समोरासमोर तोंडे नकोत. एका जथ्यात पन्नासांवर दुकाने नकोत. आत कंदील, गॅसबत्ती, उघडी ज्योत नको. विजेचा दिवा असलाच तर तो भिंतीला किंवा छताला घट्ट बसवलेला हवा, लोंबकळता नाही. हा लोंबकळता शब्द नियमात लिहिणारा माणूस नक्की कुठल्या तरी मराठी मांडवात जाऊन आला असणार.

माल बराचसा तमिळनाडूतल्या शिवकाशीचा. पण शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात वाशी तालुक्यातले तेरखेडा हे फटाक्यांचे आपल्याकडचे गाव, आणि जुन्या गिऱ्हाइकाला आवाजाचा माल तेरखेड्याचाच लागतो. दुकानातली मांडणी बघावी. फुलबाज्या पुढे, भुईनळे मधे, सुतळी बॉम्ब मागे आणि वाळूच्या बादल्या तपासणीच्या वेळी दर्शनी भागात. साडेअकरा महिने किराणा दुकानात पाय ठेवायला जागा न ठेवणारा शेठ या पंधरवड्यात पोरांवर ओरडत असतो, ‘ए, खोकं उचल तिथून, रस्ता मोकळा ठेव!’ त्याच्या किराणा दुकानात रस्ता कधी मोकळा होता, हे विचारायचे धाडस पोरांना होत नाही.

खोडी उरलेल्या मालात असते. नियमाप्रमाणे उरलेला माल परवान्याच्या गोदामात परत जायला हवा. काही माल वाटेत मेव्हण्याकडे, साडूकडे, भाच्याकडे उतरतो आणि ती मंडळी तो माळ्यावर, गाद्यांच्या घडीत, कोरडा राहावा म्हणून ठेवतात. पुढच्या वैशाखात पोराच्या लग्नाला गाद्या निघतात, तेव्हा आतून लवंगी माळ गडगडत बाहेर येते आणि मांडवातल्या आचाऱ्याच्या भट्टीपासून चार हातांवर थांबते. घराबाहेर, गच्च तळाचे, माचेवर, असे काही आठवायला त्या क्षणी कुणाला सवड नसते.

आता खरी बंदूक. नांदेड-लातुरात बागायतदार, सराफ, जुने देशमुख-पाटील आणि बँकांचे सुरक्षारक्षक यांच्याकडे परवान्याच्या बंदुका आहेत. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली, २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रांची मुभा ठेवली, आणि बारा बोअरची ती जुनी जोडनळी आता बहुतेक ठिकाणी कपाटात उभी असते. वाड्यातले हे कपाट म्हणजे घरातली एकमेव शिस्तीची जागा. बंदूक कापडी गवसणीत, नळीला तेल, काडतुसे वेगळ्या कप्प्यात, कप्प्याला वेगळे कुलूप, परवान्याची वही प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवीला रबर. चाव्या कुठे आहेत हे फक्त दोघांना ठाऊक, आणि त्यातला एक दरवेळी विसरतो. कपाटाच्या बाहेर त्याच खोलीत तुरीचे पोते फुटलेले असते, त्यावर मांजर व्यालेली असते, आणि सातबाऱ्याच्या नकला इस्त्रीच्या कपड्यांखाली असतात. त्यांना कुलूप नाही. वर्षभरात चोरी, भाऊबंदकी, कोर्ट या सगळ्याला कारण होणारा कागद तो. पण तो फुटत नाही ना.

निवडणूक लागली की हे कपाट उघडते. जिल्ह्यातली छाननी समिती ठरवते, त्या परवानाधारकांनी शस्त्र ठाण्यात जमा करायचे. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, एकामागून एक येतच असतात. बंदूक घरापेक्षा ठाण्यात जास्त दिवस राहते की काय अशी शंका यावी. सकाळी सकाळी काका धोतर नेसून, गवसणी खांद्याला लावून, मोटारसायकलवर पुतण्याच्या मागे बसून निघतात. वाटेत चारजण विचारतात, ‘काय काका, मतदानाला चाललाव का मळ्याला?’ ठाण्यात बंदुकीला चिठ्ठी बांधतात, क्रमांक टाकतात, काकांना पावती देतात.

ठाण्यातली मुद्देमालाची खोली हा आपल्या देशातल्या साठवणीचा शेवटचा टप्पा आहे. काठ्या, कुऱ्हाडी, लाकडी ओंडके, गावठी दारूचे कॅन, जुगाराचे पत्ते, रक्ताळलेले सदरे, चोरीच्या मोटारी, देवळातली घंटा. प्रत्येकाला चिठ्ठी, लाख, सुतळी आणि गुन्हा नंबर. काढून टाकायचे म्हटले तर कोर्टाचा हुकूम हवा, आणि खटला तर अजून उभाच राहिलेला नाही. हा पसारा इतका माजला की सर्वोच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावे लागले. २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या निकालात न्यायालयाने सांगितले की जप्त माल वर्षानुवर्षे ठाण्यात सडत ठेवू नका. पंचनामा करा, फोटो काढा, ज्याचा त्याला देऊन टाका. घर आवरण्याविषयी इतका सुज्ञ सल्ला देशातल्या सर्वोच्च पीठाने दिला, तरी ठाण्याच्या आवारातल्या गंजक्या गाड्यांमधून अजून एरंड उगवतोच आहे. आणि कोठीवर कितीही कुलपे लावली तरी उंदराला समन्स लागत नाही. २०२२ मध्ये मथुरेच्या पोलिसांनी न्यायालयात सांगितले की कोठारातला ५८१ किलो गांजा उंदरांनी फस्त केला.

या खोलीत बंदुकांची रांग मात्र वेगळी, कुलपात, सरळ, मोजलेली. अंमलदाराला बाकीच्या मुद्देमालाचा पत्ता सापडायला दुपार लागते. बंदूक मात्र तो दोन मिनिटांत काढतो.

निकाल लागतो, गुलाल उडतो, आणि काका बंदूक सोडवायला निघतात. निघायच्या आधी पावती हवी असते. पावती काकांनी नीट ठेवलेली असते. नीट ठेवलेली म्हणूनच ती मिळत नाही. देवघर झाले, गादीखाली झाले, परवान्याच्या वहीत झाले, बी-बियाण्याच्या बिलांचा गठ्ठा झाला. काकी दारातून विचारतात, ‘काय हुडकायलाव सकाळधरनं?’

‘बंदुकीची पावती.’

‘मंग मला इचारायचं की! ती मी ठिवली हाय ना जपून.’

‘कुठं?’

काकी पदर खोचून आत जातात. पहिला डबा उघडतात, त्यात शेवया. दुसऱ्यात मेथीचे बी. तिसऱ्यावर चहा लिहिलेले आहे, त्यात मीठ. चौथ्यावर मीठ लिहिलेले आहे, त्यात मंगळसूत्राचे सुटे मणी आणि नातवाची जावळे. पावती नाही. पुतण्या मोटारसायकल चालू करून बाहेर हॉर्न देत राहतो. तासाभराने काका तसेच ठाण्यात जातात. अंमलदार रजिस्टरवर बोट फिरवतो आणि कपाटाकडे मान करतो. ‘काका, तुमची बंदूक हाय की इथंच, सतरा नंबर. पावती आना अन् घिऊन जावा.’

काका बाकावर बसतात, पुतण्याला म्हणतात, ‘घरी फोन लाव. म्हनाव, साखरेच्या डब्यात बघ.’